ज्युरी परत आणायची का?

चिंचेचं_झाड: मागच्या आठवड्यात मुंबई हायकोर्टात काम होतं. ४६ नंबरच्या कोर्टापाशी टिळकांचे शब्द कोरलेली पाटी आहे, ती वाचत उभा राहिलो. १९०८ चा राजद्रोहाचा खटला, समोर न्यायमूर्ती दावर. (हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते!) ज्युरीत, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांत, सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, सहा वर्षं मंडाले. लोक म्हणतात, बघा, ज्युरी कशी असते! माझं म्हणणं उलटं आहे. ज्युरी वाईट नव्हती, ती भरली चुकीची होती. आजच्या वस्तीतले, गावातले बारा जण बसवा. एकट्या न्यायाधीशापेक्षा साक्षीदार खोटं बोलतोय हे त्यांना लवकर कळेल.

माई_कर्वेनगर: बारा जणांना कळतं होय? मग नानावटी आठवा. २७ एप्रिल १९५९, नौदलाचा कमांडर पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, तीन गोळ्या घालतो आणि स्वतः पोलिसांपुढे हजर होतो. बचाव काय, तर झटापटीत गोळ्या सुटल्या. पण आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता! तरी आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’. बाहेर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने वातावरण तापवलेलंच होतं. आता तर प्रत्येकाच्या खिशात ब्लिट्झ आहे.

चिंचेचं_झाड: माई, एकमताची अट घाला ना. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्या ज्युरींचं एकमत लागतं, २०२० पासून सगळ्या राज्यांत. ही अट असती तर टिळक त्या निकालावर दोषी ठरले नसते आणि नानावटीही त्या निकालावर सुटले नसते.

काळा_कोट: सेशन्स कोर्टात वकिली करत पंधरा वर्षं काढली, म्हणून राहवत नाही. एकमत वगैरे ठीक, पण ज्युरी कारणं देत नाही. दोषी की निर्दोष, एवढंच सांगून उठते. मग वर भांडायचं कशाशी? न्यायाधीशाने ज्युरीला कायदा चुकीचा समजावला, एवढाच धागा पकडायचा. आपल्याकडे अपिलात मी निकालपत्राचा परिच्छेद दाखवून म्हणतो, ‘साहेब, फितूर साक्षीदाराची उलटतपासणी इथे वाचलेलीच नाही.’ खुनाच्या अपिलाचा सगळा खेळ त्या कागदावर असतो.

नानावटी ज्युरीने सुटले आणि संपलं, असंही नाही. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम. इंग्लंड-अमेरिकेत ज्युरीने सोडलं की सरकारला सहसा अपीलच नाही. आपल्याकडे सरकारलाच काय, २००९ पासून पीडितालाही आहे.

चिंचेचं_झाड: आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली, ते राहिलं की वकीलसाहेब! शेवटी ज्युरीला हवं तेच झालं.

काळा_कोट: माफी म्हणजे निर्दोष नव्हे. आणि नानावटींमुळे ज्युरी गेली हीपण दंतकथाच. विधी आयोगाने १९५८ मध्येच ती बंद करा म्हटलं होतं. खून व्हायचा होता तेव्हा.

भाकरतुकडा: आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावर एकमत होत नाही, फाशीवर कुठून होणार?

माई_कर्वेनगर: 😀 पण फाशीचा मुद्दा घ्याच. दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं वेगळं ऐकायचं असा कायदा आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. इतकं तोलूनमापून करायचं, तर कारणं लिहिणारा माणूस नको का? बारा जण काय लिहिणार?

चिंचेचं_झाड: शिक्षा न्यायाधीशानेच द्यावी, माई, तिथे माझा वाद नाही. प्रश्न दोषी कोण एवढाच. आणि ते ‘वेगळं ऐकणं’ प्रत्यक्षात किती मिनिटं चालतं, ते वकीलसाहेबांनीच सांगावं.

काळा_कोट: कधीकधी चहा यायच्या आत उरकतं. हे मान्य.