फ्रेंच प्रेसची कॉफी आणि वाढलेलं एलडीएल: भांडं बदलू की कॉफीच सोडू?

केळीबाग_यावल
राम राम मंडळी. वय ४७, वजन बेताचं, तंबाखू-बिडी नाही. जन्मभर चहावाला माणूस. मागच्या दिवाळीत भाच्याने पुण्याहून फ्रेंच प्रेस (पूड गरम पाण्यात भिजवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायचं भांडं) आणून दिली, सोबत चिकमगळूरची अरेबिका पूड. तिथून बिघडलो. पहाटे बागेत जाण्याआधी एक मग, दुपारी एक, संध्याकाळी एक. मग ३०० मिलीचा, मापून पाहिलाय. साखर नाही, दूध नाही, म्हणजे तब्येतीला चांगलीच, असं धरून चाललो होतो.

परवा रिपोर्ट आला, एलडीएल (म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल) १३९. गेल्या वर्षी ११८ होतं. भाचा म्हणतो, कॉफीवर जो तेलाचा तवंग दिसतो (मग उजेडाकडे तिरका धरला की खरंच दिसतो, रश्शावर असतो तसा, फक्त बारीक) तोच चोर आहे. घरचं न्यायालय म्हणतं चोर कॉफी नाही, आठवड्यातून तीनदा होणारी शेवभाजी आहे. कॉफी सोडायची इच्छा नाही. जळगाव-भुसावळला मिळेल असं काही सुचवा. हजाराच्या आत.

तापीकाठचा_भो
भाऊ, सोपं शे. कॉफी सोड, चहा पेवाले ये.

लॅबवाली_धुळे
दादा, भाचा बरोबर आहे आणि वहिनीही बरोबर आहेत.

त्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल नावाची दोन द्रव्यं असतात. जास्त उपद्रवी कॅफेस्टॉल. यकृत कोलेस्टेरॉल खर्च करून पित्ताम्लं बनवतं. कॅफेस्टॉल आतड्यातल्या एका संवेदकाला असं काही भासवतं की पित्ताम्लं भरपूर झाली, आता पुरे. यकृताला तसा निरोप जातो, ते काम आवरतं घेतं आणि न खपलेलं कोलेस्टेरॉल रक्तात साचतं. कॅफिनचा इथे संबंध नाही, त्यामुळे कॅफिन काढलेली पूड आणून उपयोग शून्य.

आता तुमचा हिशोब. नेदरलँड्समध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना रोज ०.९ लिटर फ्रेंच प्रेसची कॉफी २४ आठवडे पाजली. एलडीएल सरासरी १० मिग्रॅच्या आसपास वाढलं. तुमचे तीन मग म्हणजे तेच ९०० मिली! पण तुमची वाढ २१ ची आहे. सरासरी तुम्हाला जशीच्या तशी लागू होईल असं नाही, तरी अर्ध्या वाढीचा जाब शेवेलाच विचारायला हवा. थायरॉइड तपासलंय का? ते मंदावलं तरी एलडीएल चढतं. आणि रिपोर्ट एकदा डॉक्टरांना दाखवा, धाग्यावर भागवू नका.

क्वार्टर_नंबर_सात
मी भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. शेजारच्या अम्मांकडे पितळी फिल्टरची डिकॉक्शन कॉफी प्यायचो. केळीबाग दादा, तो फिल्टर घ्या, स्टीलचा स्वस्तात मिळतो, जन्मभर टिकतो.

लॅबवाली_धुळे
@क्वार्टर_नंबर_सात, चवीला शंभर मार्क, पण या कामाला नको. धातूच्या भोकांतून तेल खाली उतरतं. धातूच्या जाळीच्या आपल्याकडच्या कॉफीत कॅफेस्टॉल बऱ्यापैकी सापडलंय. सिंगापूरला मात्र सुती पिशवीतून गाळतात, तिथल्या कपात नावापुरतंच. चिकोरीत ते नसतं, म्हणून चिकोरी मिसळलेल्या पुडीत तेवढं कमी, इतकंच.

जायफळ
म्हणजे आमच्या आजीची पूड दुधात उकळून, वर जायफळ किसून केलेली कॉफीही त्यातच आली का? चहाच्या गाळणीनेच गाळायची ती.

लॅबवाली_धुळे
आली. उकळलेली कॉफी सगळ्यात वरच्या नंबरावर. नॉर्वेतल्या लोकांची कॉफी आणि कोलेस्टेरॉल यांची सांगड १९८३ मध्ये दिसली, तिथेही उकळायचीच रीत होती. पण आजी कोजागिरीला एक कप द्यायची ना? रोज पाच कप आणि वर्षाला पाच कप यात फरक आहे.

शिंदखेड्याची_सून
दादा, सरळ सांगते. प्लास्टिकचा व्ही आकाराचा ड्रिपर आणि कागदी फिल्टरचं पाकीट मागवा. हजारात दोन्ही बसतं. दुकानात शोधत फिरू नका, मी धुळ्यात दोन दिवस फिरले, दुकानदाराने केक बेक करायचे कागद दाखवले. ऑनलाइनच घ्या. कागदातून गाळलेल्या कपात कॅफेस्टॉल जेमतेम ०.१ मिग्रॅ, प्रेसच्या कपात तीन-चार तरी. पूड मात्र प्रेसपेक्षा जरा बारीक दळून घ्या, नाहीतर पाणी भसकन खाली जातं. कागद आधी गरम पाण्याने ओला करायचा, नाहीतर पहिल्या घोटाला वहीच्या पानाचा वास.
कागद संपले तर प्रेसमधून काढलेली कॉफी चक्का टांगायच्या जाडसर सुती फडक्यातून गाळा. पण फडकं वेगळं ठेवा हं. माझ्या सासूबाईंचं श्रीखंड एकदा कॉफीच्या रंगाचं झालंय.
आणि अगदीच कंटाळा आला तर इन्स्टंट. त्यात कॅफेस्टॉल नसल्यात जमा. तुम्ही नाक मुरडाल, ते वेगळं.

केळीबाग_यावल
इन्स्टंट नको. ड्रिपर मागवतो. प्रेसचं काय करू?

तापीकाठचा_भो
चहा कर तिन्हामा.

केळीबाग_यावल (दहा आठवड्यांनी)
अपडेट. थायरॉइड ठीक. डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिने थांबू म्हटलं होतं, मला तेवढा धीर निघाला नाही. त्याच लॅबमध्ये, तसाच उपाशीपोटी गेलो. एलडीएल १२६. मग तीनच, पण कागदातून. शेवभाजी मात्र आठवड्यातून एकदाच, तीही बिनतवंगाची, म्हणजे नावाला. त्यामुळे श्रेय कागदाचं की शेवेचं, यावर घरात रोज सुनावणी चालू आहे.
शिंदखेड्याच्या ताई, कागद लवकर संपतायत म्हणून पाहिलं तर काल हिने मिरचीभजी त्यांच्यावरच निथळत ठेवली होती. म्हणते, तेल शोषतात ना चांगलं?