माहितीपटातले पाठमोरे नानासाहेब आणि रंगमंचावर न आलेला विठ्ठल

हौदाकाठची:

नमस्कार. नाटकं मी कॉलेजात असल्यापासून बघते, माहितीपट मात्र निवृत्तीनंतर जास्त बघायला लागले. महिनाभर एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारते. या कामातलं कोणी असेल तर जरूर सांगा.

टीव्हीवर कात्रजच्या नळाबद्दल माहितीपट लागणार म्हणून मी आठवडाभर वाट बघत होते. माझं माहेर शुक्रवार पेठेतलं. वाड्यात हौद होता. आजी सांगायची, हे पाणी कात्रजच्या तळ्यातून जमिनीखालून येतं. नानासाहेब पेशव्यांनी १८व्या शतकात दगडी नळ बांधून ते शहरात आणलं, वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले, आणि तेच पाणी पेठापेठांतल्या हौदांत खेळवलं. दुपारी वाडा निजला की मी हौदाच्या काठाला कान लावून बसायची. आतून बारीक आवाज यायचा. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं मला फार पुढे भेटलं.

तर माहितीपट. एक पगडीवाला माणूस पाठमोरा चालतोय, स्लो मोशनमध्ये. मग त्याचा हात. अंगठी. नकाशावरून फिरणारं बोट. घोड्याच्या टापा, तेवत असलेली समई, परत पाठमोरी पगडी. वर संगीत, एक क्षण न थांबता. मग एकदाचा कोणीतरी वाकून प्रत्यक्ष नळात उतरला. बॅटरीचा उजेड ओल्या दगडावर पडला, मी खुर्चीत पुढे सरकले, आणि तेवढ्यात पुन्हा समई.

शेजारी माझ्या भाचीची मुलगी होती, ९ वर्षांची. ती म्हणाली, "आज्जी, हे तेव्हाचं शूटिंग आहे?" मी म्हटलं, नाही गं, तेव्हा कुठला कॅमेरा. "मग हे काका कोण?" पुढे खरा हौद दाखवला, खरी दगडी बांधणी दाखवली, तरी तिचं चालूच, "आणि हे? हे तरी खरं आहे का?" मला फार लागलं ते. खऱ्या हौदावरचाही तिचा विश्वास उडाला होता.

याच मुलीला मी दोन वर्षांपूर्वी 'संगीत देवबाभळी'ला नेलं होतं. एवढ्या लहान मुलीला काय कळणार, असं घरात सगळे म्हणत होते. प्राजक्त देशमुखांचं ते नाटक तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. रंगमंचावर दोघीच, शुभांगी सदावर्ते आवली आणि मानसी जोशी लखुबाई, म्हणजे रूप बदलून आलेली रखुमाई. तुकाराम येत नाहीत, विठ्ठलही येत नाही. आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुतला होता, तो विठ्ठलाने काढला, त्यावर रुसवा, त्यावर भांडण, आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललंय तो समोर नाहीच. या पोरीने एकदाही विचारलं नाही की विठ्ठल कुठाय. मध्यंतरात वडा खाताना तिचा प्रश्न होता, "आवलीचा पाय अजून दुखत असेल का?"

मग मला 'चारचौघी' आठवलं. १९९१ साली आलं तेव्हा मी ते बालगंधर्वला पाहिलं होतं, वंदना गुप्ते विद्या करायच्या. २०२२मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनीच ते पुन्हा उभं केलं, तेव्हा कोथरूडला यशवंतरावला जाऊन मुक्ता बर्वेंची विद्या पाहिली. दोन्ही वेळा माझा जीव अडकला तो फोनच्या प्रवेशात. विद्या नवऱ्याशी फोनवर बोलत असते. पलीकडचा एक शब्द आपल्या कानावर येत नाही. ती थांबते, ऐकते, तिचा हात रिसीव्हरवर घट्ट होतो, आणि तेवढ्या वेळात तो काय म्हणाला असेल ते आपण आपल्याच अनुभवातून भरतो. कोथरूडच्या प्रयोगाला माझ्या शेजारी एक अनोळखी बाई होत्या. विद्या अशीच एकदा गप्प झाली आणि त्या पुटपुटल्या, "खोटं बोलतोय मेला." ज्याचा आवाजही ऐकला नाही त्या माणसाचं खोटं त्यांनी पकडलं होतं!

नाटक आम्हाला सांगून सवरून खोटं दाखवतं आणि आम्ही ते खरं मानतो. माहितीपटाच्या हातात खरा नळ असतो, खरा दगड, खरं पाणी. मग त्यावर हा खोटा पगडीवाला कशासाठी? असं न करणारे माहितीपट कोणते, तेही सांगा.

-----

एडिटटेबल:

ताई, मी १४ वर्षं माहितीपट एडिट करतोय. तुम्ही पाहिलेला मी केलेला नाही, पण असे बरेच केलेत. मनापासून उत्तर देतो.

आमच्याकडे संहिता आधी येते. निवेदन आधी रेकॉर्ड होतं आणि मग प्रत्येक वाक्यावर चित्र हवं असतं. 'नानासाहेबांनी निर्णय घेतला' या वाक्यावर मी काय दाखवू? फोटोग्राफीच जगासमोर आली १८३९ साली. एखाददुसरं चित्र असतं, ते तीनदा वापरून झालेलं असतं. मग रीक्रिएशन, म्हणजे नटांकडून प्रसंग करून घेणं. चेहरा दाखवला की 'ते असे दिसत नव्हते' म्हणून पत्रं येतात, संवाद घातला तर नट हवा, मेकअप हवा. म्हणून पाठ, हात, अंगठी.

दुसरं कारण हिशेबाचं. नळात उतरून शूट करायचं म्हणजे परवानग्या, लाइट आत न्यायचे, कॅमेरामन दिवसभर वाकलेला, आणि संध्याकाळी हातात दोन मिनिटं. त्याच दिवसात एखादा जुना वाडा आणि नाटकाचे कपडे भाड्याने आणले तर १५ मिनिटांचा माल निघतो.

संगीताचं दुखणं मलाही आहे. टीव्ही चालू असतो तेव्हा घरात कुकरच्या शिट्ट्या होत असतात, दारावर कोणी आलेलं असतं. पाच सेकंद शांतता गेली की माणूस चॅनल बदलेल, ही भीती वरपासून खालपर्यंत असते. एका जुन्या बारवेवरच्या माहितीपटात मी सात सेकंद फक्त थेंब पडल्याचा आवाज ठेवला होता. वरून निरोप आला, "इथे आवाज गेलाय, बघून घ्या."

पण अभिनय घातला म्हणून माहितीपट खोटा होतो, हे मला पटत नाही. 'भारत एक खोज' आठवा. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालं, ५३ भाग, श्याम बेनेगल. त्यात सगळा अभिनयच होता. पण रोशन सेठ नेहरू म्हणून समोर उभे राहून बोलायचे, त्यामुळे कोण सांगतंय आणि काय करून दाखवतंय हे स्वच्छ कळायचं. तीजनबाई त्यात पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा, गातात. पंडवानीत हातातला तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो. ती गदा खरी का, असं तिथे कोणी विचारत नाही. तुमच्या पगडीवाल्याचं चुकतं ते इथे. तो नट आहे हे कोणी सांगतच नाही, तो खऱ्या दगडांच्या रांगेत गुपचूप येऊन उभा राहतो.

प्राण्यांच्या माहितीपटांतही हे आहे. कॅमेरा लांब भिंगातून दुरून चित्र घेतो, तिथून पावलांचा आवाज मिळणं शक्य नसतं. तो नंतर स्टुडिओत करतात. बर्फावरच्या पावलांसाठी कॉर्नफ्लोअर भरलेली पिशवी दाबणं ही फॉलीवाल्यांची, म्हणजे असे आवाज नंतर तयार करणाऱ्यांची, जुनी युक्ती आहे. २०११मध्ये बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट'वर वाद झाला, कारण ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिल्लांचं दृश्य नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात घेतलेलं होतं. खऱ्या गुहेत कॅमेरा नेला असता तर पिल्लांच्या जिवाला धोका होता, हे त्यांचं म्हणणं रास्तच. लोकांना राग आला तो पडद्यावर तसं सांगितलं नाही याचा.

-----

विंगेतून:

काकू, नाटकाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. मी नेपथ्य लावायच्या कामात आहे. आमच्याकडे 'न दाखवणं' पुष्कळदा टेम्पो ठरवतो. सगळा सेट एका टेम्पोत बसला पाहिजे, आणि आज बालगंधर्व, उद्या टिळक स्मारक, परवा चिंचवडचं मोरे प्रेक्षागृह असं करत प्रत्येक ठिकाणी वेळेत उभा राहिला पाहिजे. प्रत्येक मंचाची रुंदी वेगळी, विंगा वेगळ्या. जे न नेता भागतं ते नेऊ नये, असं आमचे उस्ताद सांगायचे.

पण सगळं टेम्पोवर ढकलता येत नाही. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग भरत नाट्य मंदिरात झाला, १६ डिसेंबर १९७२ला. माणसंच ओळीने उभी राहिली की भिंत, वळली की भिंत नाही. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांच्या हालचाली. लाकडी भिंत त्यांना करता आलीच असती. पण ती आपल्याकडे पाठ फिरवून काही लपवू शकली नसती, आणि नाटकाला तेच तर म्हणायचं होतं.

आता काळजीची गोष्ट. मागे एलईडी पडदा लावायची पद्धत नाटकातही आली आहे. पाऊस म्हटलं की पडद्यावर पाऊस. मी स्वतः तो लावतो, केबल ओढतो. गेल्या महिन्यात एका प्रयोगात नटी म्हणाली, "बघ, आभाळ भरून आलंय," आणि तिने वर पाहिलं. प्रेक्षकांनी वर पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना मागच्या पडद्याकडे. मी विंगेतून बघत होतो. तिची नजर फुकट गेली. त्या मुलीने काय सुंदर वर पाहिलं होतं!

-----

पर्वतीपायथा:

थोडं वेगळं मत मांडते. माझ्या बाबांना दिसतं कमी. त्यांच्यासाठी ते अखंड निवेदन म्हणजे आधार आहे, माहितीपट ते ऐकतात. तेव्हा निवेदन नकोच असं म्हणू नका. संगीताने मात्र त्यांनाही त्रास होतो, कारण त्यात शब्द बुडतात.

न समजावणारा माहितीपट हवा असेल तर शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' बघा. २०२२चा आहे. दिल्लीतले दोन भाऊ जखमी घारींवर घरच्या तळघरात उपचार करतात. निवेदक नाही. छोटीला घेऊन बघा, भाषा बरीचशी हिंदी आहे.

-----

हौदाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघींनी 'ऑल दॅट ब्रीद्स' बघितला.

सुरुवातीलाच रात्रीचा कचरा आणि उंदीर. कॅमेरा जमिनीलगत, अगदी हळू सरकतोय, कोणी काही सांगत नाही. मला वाटलं पोरगी कंटाळणार. ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "आज्जी, कॅमेरावाले काका झोपून शूटिंग करत असतील ना?" मला इतकं बरं वाटलं! 'हे खरं आहे का' हा प्रश्न गेला आणि 'हे कसं केलं' हा आला. पुढे एक घार त्या भावांच्या मदतीला असलेल्या पोराच्या डोळ्यांवरचा चष्मा उचलून नेते, तेव्हा ती केवढ्यांदा ओरडली. तळघरात साबणाच्या यंत्रांचं काम आणि शेजारी खोक्यात घारी. ते भाऊ घारीचा पंख उघडून बघतात तो हात मी तीनदा मागे जाऊन पाहिला. त्या हाताला कुणी 'अंगठी दाखव' म्हणून सांगितलेलं नाही, हे बघणाऱ्याला कळतं.

एडिटटेबल, तुमचा मुद्दा मला पटला. 'हे आम्ही करून दाखवतोय' एवढं एक वाक्य त्या माहितीपटात असतं तर माझी तक्रार निम्मी झाली असती. पण निम्मीच. नळात उतरलेल्या कॅमेरामनची ती दोन मिनिटं होती ना, मग ती पुरती दोन मिनिटं का दाखवली नाहीत? दिवसभर वाकून त्याने मिळवलेलं तुम्ही समईसाठी कापता, हे मला कबूल नाही.

विंगेतून, तुम्ही सांगितलेली ती वर बघणारी मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये. हे तुम्ही दिग्दर्शकांना सांगा. विंगेतला माणूस जे बघतो ते तिसऱ्या रांगेतून आम्हाला दिसत नाही. तुमचं ऐकतील ते.

पर्वतीपायथा, बाबांचं लिहिलंत ते बरं केलंत. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शब्द ऐकू येतील एवढी जागा संगीताने सोडावी, ही मागणी मग तुमच्या बाबांची आणि माझी एकच आहे.

आणि एडिटटेबल, एक विनंती. तो बारवेतला थेंबांचा सात सेकंदांचा तुकडा तुमच्याकडे अजून असेल तर मला ऐकायचाय. आमचा वाडा पाडून आता वीस वर्षं होतील. हौद पार्किंगखाली गेला. पोरीला मी तो आवाज तोंडाने करून दाखवला, पण मला तो नीट काढता येत नाही.

-----

एडिटटेबल:

आहे ताई. माहितीपटात सात सेकंद लावले होते, तेही शेवटी कापले गेले, पण मूळ रेकॉर्डिंग चार मिनिटांचं आहे. निरोप पाठवा, देतो. हेडफोन लावून ऐका. दुसऱ्या मिनिटाला एक पारवा फडफडतो, तो खरा आहे असं छोटीला सांगा.