मोर्ले-मिंटोमधला मोर्ले आणि ग्लॅडस्टनचा चरित्रकार मोर्ले एकच का?

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी. माझ्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये मोर्ले म्हणजे '१९०९ चा सुधारणा कायदा, मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ' एवढंच आहे. परवा वाचनालयात ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनचं तीन खंडांचं चरित्र हाती आलं. लेखक जॉन मोर्ले, साल १९०३. हा तोच का? आणि तोच असेल, तर असला विद्वान माणूस लाजपतरायांना आणि टिळकांना मंडालेला धाडणाऱ्या राजवटीचा भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री, कसा झाला?

निवृत्त_मास्तर:
तोच. चाळीस वर्षं इतिहास शिकवला, पण हा गृहस्थ पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकला जातो याचं मला नेहमी वाईट वाटतं.

जन्म १८३८, लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न. बाप डॉक्टर. मुलानं पाद्री व्हावं ही त्यांची इच्छा. पोरानं ऑक्सफर्डात देवावरचा विश्वास गमावला, बापानं पैसे बंद केले, आणि हा लंडनला येऊन लेखणीवर पोट भरू लागला. पंधरा वर्षं 'फोर्टनाइटली रिव्ह्यू' चालवलं. व्हॉल्टेअर, रूसो, दिदरो, बर्क, कॉब्डेन सगळ्यांवर पुस्तकं लिहिली. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा शिष्य, ग्लॅडस्टनचा उजवा हात. आयर्लंडला स्वराज्य द्या म्हणणारा, तिथल्या दडपशाहीच्या कायद्यांना विरोध करणारा, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाविरुद्ध उभा राहिलेला.

म्हणून डिसेंबर १९०५ मध्ये तो भारतमंत्री झाला तेव्हा आपल्याकडची मवाळ मंडळी हरखली. त्याच महिन्यात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष गोपाळराव गोखले होते. भाषणात त्यांनी म्हटलं की इथले कितीतरी सुशिक्षित लोक मोर्ल्यांना गुरू मानतात. मन आशेनं भरतं आणि धास्तावतंही. धास्ती खरी ठरली. वंगभंग ही 'ठरून गेलेली गोष्ट' आहे, असं मोर्ले पुढच्याच वर्षी म्हणाले. १९०७ मध्ये लाजपतरायांना खटल्याशिवाय हद्दपार केलं गेलं, १८१८ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली. आयर्लंडात ज्याला दडपशाही म्हटलं, त्याचंच हे भावंड, आणि त्याच माणसानं त्याची पाठराखण केली. त्याच ऑक्टोबरात आर्ब्रोथच्या सभेत म्हणाले, कॅनडात फरचा कोट सुखाचा वाटतो म्हणून तो दख्खनमध्येही सुखाचा होईल का? आमच्या दख्खनचं नाव घेऊन! पुण्यात बसून हे वाचताना आजही चिडचिड होते.

सडेतोड_सदू:
मास्तर, म्हणजे साधा ढोंगी. विरोधी बाकावर उदारमतवादी, खुर्चीवर साम्राज्यवादी. संपला विषय.

निवृत्त_मास्तर:
सदूभाऊ, इतकं सोपं असतं तर मी एवढं टंकलं नसतं. १९०८ च्या उन्हाळ्यात राजद्रोहाच्या शिक्षांचा धडाका सुरू होता. मुंबईत दगड फेकणाऱ्यांना बारा-बारा महिने ठोठावल्याचं वाचून मोर्ले व्हाइसरॉय मिंटोला लिहितो की हे भयंकर आहे. सुव्यवस्था राखायचीच, पण अति कडकपणा सुव्यवस्थेकडे नेत नाही, बाँबकडे नेतो. ढोंगी माणूस खासगी पत्रात असं लिहीत नाही. पण टिळक तर मंडालेलाच गेले ना, असं तुम्ही म्हणाल. हो, गेले. पत्र लिहिणं आणि सरकारला आवर घालणं यात अंतर आहे, आणि ते अंतर त्यानं कापलं नाही.

माझं मत असं, की त्याची कमजोरी त्याच्याच पुस्तकात आहे. 'ऑन कॉम्प्रमाइज', १८७४. मत बनवताना आणि बोलून दाखवताना तडजोड नको, असा त्याचा आग्रह. मात्र ते अमलात आणताना थांबायला तो हरकत घेत नाही. हिंदुस्थानच्या बाबतीत तर स्वराज्याच्या बाजूनं मतच बनलेलं नव्हतं. इथं संसदीय राज्य येईल असं त्याला मुळात वाटतच नव्हतं. डिसेंबर १९०८ मध्ये लॉर्ड्स सभेत त्यानं सांगितलं की या सुधारणांतून थेट संसदीय पद्धत येणार असेल, तर माझा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही.

खिडकीपाशी:
आणि स्वतंत्र मतदारसंघ? ते त्याचंच डोकं ना?

अभ्यासिका_१२:
तसं नाही. आश्वासन मिंटोनं दिलं, ऑक्टोबर १९०६ ला सिमल्यात मुस्लीम शिष्टमंडळाला. मोर्लेनं १९०८ मध्ये वेगळीच योजना मांडली होती: संयुक्त निवडणूक मंडळं, त्यात राखीव जागा. मुस्लीम लीगनं जोरदार विरोध केला आणि त्यानं माघार घेतली. नोट्समध्ये एवढं घाला, मुलाखतीत उपयोगी पडेल.

निवृत्त_मास्तर:
बरोबर. आणि कायदा अगदीच पोकळ नव्हता. कायदेमंडळात अर्थसंकल्पावर ठराव मांडता येऊ लागले, पूरक प्रश्न विचारता येऊ लागले. गोखल्यांनी १९१० मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला, १९११ मध्ये विधेयक. ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, कारण केंद्रीय कायदेमंडळातलं सरकारी बहुमत मोर्लेनं शाबूत ठेवलं होतं.

जाता जाता सदूभाऊंसाठी: ऑगस्ट १९१४. ब्रिटन युद्धात उतरणार म्हटल्यावर पंचाहत्तरीच्या या म्हाताऱ्यानं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्याबरोबर बाहेर पडले एकटे जॉन बर्न्स.

खिडकीपाशी, ग्लॅडस्टनच्या खंडांना आत्ता हात लावू नका. परीक्षा होऊ दे. 'ऑन कॉम्प्रमाइज' छोटं आहे, आधी ते वाचा, मग १९१७ च्या आठवणी. मिंटोला लिहिलेली पत्रं त्यात आहेत.