ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मासे, आंबट आणि भात सोडणे आवश्यक आहे का?

प्रश्न (वेंगुर्ले)

नमस्कार. माझ्या आईला गेल्या वर्षी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाल्याचे निदान झाले. दोन्ही हातांची बोटे सुजत, सकाळी बराच वेळ मूठ वळत नसे आणि रक्ततपासणीत अँटी-सीसीपी (या आजारात रक्तात आढळणारे प्रतिपिंड) वाढलेले आढळले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि त्यासोबत फॉलिक ॲसिड अशी औषधे सुरू झाल्यापासून सूज बरीच उतरली आहे. अडचण जेवणाची आहे. मासे उष्ण, आमसुलाने सांधे धरतात, भाताने वात वाढतो असे जो तो सांगत गेला, आणि आईने एकेक पदार्थ सोडत आता भाकरी आणि दुधीची भाजी एवढ्यावरच जेवण आणले आहे. तिचे वजन उतरले असून जिने चढताना तिला थकवा येतो. ती गोळी मुळात कॅन्सरची आहे, तेव्हा ती सोडून नुसत्या पथ्यावर राहावे, असेही एकदोघांनी सुचवले. किनाऱ्यावरच्या आपल्या जेवणातले काय ठेवावे आणि काय कमी करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (आहारतज्ज्ञ, रत्नागिरी)

ताई, आधी गोळीविषयी लिहिते, कारण सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. मेथोट्रेक्सेट कर्करोगावर वापरतात हे खरे, पण तिथली मात्रा कितीतरी मोठी असते. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच, अल्प मात्रेत देतात आणि या आजारासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते आणि ती सूज रोखली नाही तर हाडे झिजून बोटे कायमची वाकडी होतात. कोणताही आहार ही झीज थांबवतो असे आजवर दिसलेले नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या वेळेवर कराव्यात आणि गोळी चुकूनही रोज घेतली जाणार नाही याची घरच्यांनी काळजी घ्यावी.

आहाराने त्रास थोडा हलका होतो आणि हृदयाचे रक्षण होते. या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असल्यामुळे ही दुसरी गोष्टही तितकीच मोलाची आहे. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये मांडलेल्या शिफारशींत एकाच आहारपद्धतीला, तीही सौम्य शब्दांत, पसंती दिली आहे: भूमध्य समुद्राकाठची, म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल यांची. मला याचा मनापासून आनंद वाटतो, कारण ऑलिव्ह तेल वगळले तर कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, वालाची उसळ आणि तारलीचे तिखले करणारे आपले घर या पद्धतीपासून फारसे दूर नाही.

तारली, पेडवे आणि बांगडा या तेलकट माशांत ओमेगा-३ मेदाम्ले असतात आणि सूज वाढवणारी रसायने शरीरात कमी तयार व्हावीत यासाठी त्यांचा उपयोग होतो. माशाच्या तेलाचे जे प्रयोग झाले त्यांत रोज सुमारे ३ ग्रॅम ओमेगा-३ काही महिने दिल्यावर सांधेदुखी आणि सकाळचा ताठरपणा थोडा कमी झाला. शंभर ग्रॅम तेलकट माशातून साधारण १ ते २ ग्रॅम मिळते आणि हंगामाप्रमाणे हे प्रमाण बदलते. म्हणजे आठवड्यातून दोनतीनदा खाल्लेल्या माशाने औषधासारखा गुण येणार नाही, पण ते सोडण्याचे कारणही उरत नाही. आमसूल, चिंच किंवा टोमॅटोने हा आजार वाढतो याला आधार नाही. भातही चालतो, उकड्या तांदळाचा, ताटाचा एक भाग व्यापेल इतकाच घ्यावा आणि उरलेली जागा उसळ, भाजी आणि मासे यांना द्यावी.

वजन उतरणे मात्र मी गंभीर मानते. दीर्घकाळच्या सुजेने स्नायू झिजतातच, त्यात प्रथिने बंद केली तर माणूस फार लवकर अशक्त होतो. मासे, अंडी, डाळी आणि दही आजपासून पुन्हा सुरू करावे, आणि वजन व थकवा यांविषयी पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगून हिमोग्लोबिन पाहून घ्यावे.

उत्तर (देवगड)

मी अनेक वर्षे हाच आजार सांभाळते आहे. एखाद्या पदार्थाने आपल्याला त्रास होतो असे वाटले तर तो एकटाच दोनतीन आठवडे थांबवावा, नंतर पुन्हा खाऊन पाहावा आणि वहीत नोंद ठेवावी. सगळे एकदम सोडले तर काय सोसत नव्हते ते कधीच कळत नाही. मासे रव्यात घोळवून भरपूर तेलात तळण्याऐवजी मी तिरफळ घालून तिखले करते किंवा केळीच्या पानात भाजते. नारळ आम्ही सोडलेला नाही, पण खोबरेल तेलातील ८० टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारे, असल्यामुळे रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचे तेल वापरतो. बोटे दुखतात त्या दिवशी खोबरे खवणे आणि मासे साफ करणे घरातील दुसऱ्या कोणीतरी करावे, हेही पथ्यच समजावे.

सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या कृपया देऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे आढळलेले आहे. त्यांनी चार दिवस बरे वाटते आणि पुढे साखर, रक्तदाब व हाडे यांचे नुकसान होते.

उत्तर (गुहागर)

एक खुलासा आवश्यक वाटतो. माझ्या वडिलांना युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात, म्हणजे गाऊट आहे आणि त्यांना डॉक्टरांनी तारली, बांगडा, शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) आणि बिअर वर्ज्य सांगितली आहे, कारण त्यांतून युरिक ॲसिड वाढते. बहुधा अशाच एखाद्या रुग्णाचे पथ्य आपल्या आईंना सांगितले गेले असावे. निदान वेगळे असेल तर शेजाऱ्याचे पथ्य लागू पडत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईचा आजार गाऊट नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद राहील आणि पुढे श्रावण येईल. त्या काळात सुके बांगडे चालतील का?

उत्तर (आहारतज्ज्ञ, रत्नागिरी)

सुक्या मासळीत मीठ फार असते. रक्तदाब असेल किंवा स्टेरॉइडची गोळी सुरू असेल तर ती टाळावी. नसेल तर बराच वेळ भिजवून, पाणी बदलून, अधूनमधून थोडी खावी आणि त्या दिवशी ताटात लोणचे, पापड घेऊ नयेत. खाडीची ताजी मासळी मिळाली तर उत्तमच. एरवी अंडी, कुळीथ, काळ्या वाटाण्याची उसळ, आणि पावसात उगवणारा टाकळा, कुर्डू यांसारख्या भाज्या भरपूर कराव्यात. जवसाची चटणी जरूर करावी, मात्र जवसातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असून शरीर त्यातील थोड्याच भागाचे माशातल्यासारखे रूपांतर करते. श्रावणात नाचणीची आंबील आणि ताक ठेवावे, त्यातून कॅल्शियम मिळेल. चहा जेवणानंतर तासाभराने द्यावा, म्हणजे पालेभाज्या आणि कडधान्यांतील लोह अंगी लागेल. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र स्वतःहून आणू नका. रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल तर त्याविषयी डॉक्टरांशी आधी बोलणे आवश्यक असते.