मदत हवी आहे: बीदरचा रंगीन महाल आतून पाहायचा आहे

हैदराबादहून एक दिवस बीदरला जातोय. हातात सहा तास, सोबत सत्तरीची आई, त्यामुळे जिने कमीत कमी. महमूद गवानचा मदरसा (१४७२) आणि अष्टूरच्या बहमनी कबरी पक्क्या आहेत. अहमदशहाच्या कबरीतली रंगीत अक्षरं अंधारात असतात, म्हणून टॉर्च घेतोय.

अडचण किल्ल्यातल्या रंगीन महालाची. काळ्या दगडात शिंपला बसवलेलं काम आतल्या दालनात आहे (माझ्या मते किल्ल्यातलं सर्वांत देखणं), पण मागच्या खेपेला कुलूप होतं. किल्ल्यातल्याच संग्रहालयात विचारलं, तर किल्लीवाला जागेवर नव्हता. फोटो नकोत, दहा मिनिटं पुरेत.

दालन उघडून मिळायला लेखी परवानगी लागते, की सकाळी लवकर गेल्यास तिथेच काम होतं?