रत्नागिरीच्या खाली शांत जागा आहे का? आई सोबत आहे

झोपाळू_गिरगावकर
जानेवारीत चार दिवस सुट्टी मिळतेय, आईला (वय सत्तरच्या पुढे) समुद्र बघायचाय. पण गणपतीपुळे तारकर्ली नको, मागच्या वेळी बीचवर उंट, स्पीकर आणि मॅगीचे स्टॉल यातून समुद्र शोधावा लागला. स्वतःची गाडी आहे, एसी नसला तरी चालेल, बाथरूम मात्र कमोडचं हवं. कुणी सुचवा ना

पायवाट
पावसच्या पुढे कुणी जात नाही, तुम्ही जा. सागरी महामार्गाने पूर्णगड लागतो, किल्ला छोटासाच, वरून मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. पूल ओलांडला की गावखडीचा बीच, सुरूचं बन आहे, आई सावलीत खुर्ची टाकून बसू शकतील. पुढे आडिवऱ्याची महाकाली, मग नाटे, आंबोळगड. आंबोळगडला खडकांवर लाटा आपटतात तिथे नुसतं बसायचं. एवढंच काम.

सड्यावरचा
कशेळी राहिलं की! कनकादित्याचं देऊळ, सूर्याची देवळं कोकणात फारशी नाहीतच त्यामुळे बघाच, आणि कातळशिल्प, म्हणजे खडकात कोरलेलं चित्र. सड्यावर (उघड्या कातळाचं पठार) जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, लांबी 18 मीटरच्या आसपास आणि त्याच्या पोटात मासे पक्षी प्राणी यांची नुसती गर्दी. उभं राहून बघितलं तर आधी काहीच कळत नाही, पाय कुठला सोंड कुठली, मग एक रेघ सापडली की डोळा तिच्या मागे फिरत जातो. दुपारी बाराला जाऊ नका, ऊन डोक्यावर असलं की रेषा सपाट दिसतात आणि सडा तव्यासारखा तापतो. सकाळी आठ किंवा संध्याकाळी साडेपाचच्या तिरप्या उन्हात बघा. देवाचे गोठणेलाही एक माणसाची आकृती आहे, तिथे होकायंत्राची सुई भरकटते. कशेळी, गोठणे, बारसू, उक्षी धरून कोकण-गोव्यातली 9 ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलीयेत.

निमा_७
झालं, आता रील्सवाले येणार. अशा जागांची नावं उघड लिहू नयेत या मताची मी. आमच्या भागातल्या एका धबधब्याचं काय झालं बघितलंय, दोन पावसाळ्यात बाटल्यांचा खच.

सड्यावरचा
@निमा_७ मुद्दा पटतो पण पूर्ण नाही. कातळशिल्पं कुणाला माहीत नव्हती तेव्हाच चिरेखाणीत (जांभ्याचे चिरे काढतात त्या खाणीत) जायची भीती जास्त होती. लोक बघायला यायला लागले, गावाने भोवती गडगा (दगडांचं कुंपण) घातला, तेव्हा ती टिकली. फक्त रेषांवर चालू नका, खडूने गिरवून फोटो काढू नका. हे करणारे महाभाग पाहिलेत मी.

आंबोळगडकडची
आमच्याकडचंच चाललंय म्हणून लिहिते. हॉटेलं कमी, घरगुती राहण्याची सोय आहे, आधी फोन करून कमोड विचारून घ्या. जेवण आयत्या वेळी मिळत नाही, आदल्या रात्री सांगावं लागतं, मासे की शाकाहारी तेपण. पेट्रोल रत्नागिरीतच भरून निघा, रोख पैसे ठेवा, रेंज कधी असते कधी नसते. आणि समुद्रात पोहायला उतरू नका हो, लाईफगार्ड वगैरे काही नाही, खडक आहेत, भरती कधी ते गावात विचारा. आईंना सड्यावर न्यायचं तर चांगल्या सोलचे बूट आणि काठी, जांभा खडबडीत असतो, चप्पल अडकते.

झोपाळू_गिरगावकर
अरे वा. मग मुक्काम एकाच जागी करू की दोन? आई रोज बॅग भरायला वैतागते

पायवाट
एकच. आंबोळगड धरा, बाकी सगळं तिथून गाडीने होतं. फक्त तारखा ठरवताना रथसप्तमी कधीये ते बघा, कशेळीला उत्सव असतो. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा

आंबोळगडकडची
किंवा मुद्दाम त्याच दिवसांत या, आईंना आवडेल. फक्त खोली आत्ताच सांगून ठेवा, तेव्हा मुंबईचे सगळे गावी आलेले असतात.