माशांच्या दोन फुटी टाकीच्या मागे काय लावू?

मासेवेडा: नवीन टाकी घेतलीये, 24 इंची, 10 निऑन टेट्रा आणि थोडे गप्पी टाकणारे. मागून फिल्टरची वायर, प्लग, भिंतीचे पोपडे सगळं दिसतं. दुकानदार प्रवाळाचं पोस्टर गळ्यात मारतोय, घेऊ का?

गढूळपाणी: अरे निऑन ॲमेझॉनकडच्या नदीतला मासा, त्याच्यामागे समुद्रातलं प्रवाळ म्हणजे पंचगंगेत देवमासा 😄 सरळ काळं लाव. मागचं फिकट असलं की मासेपण फिके पडतात, माझ्याकडे आधी नुसती पांढरी भिंत होती, काळा कार्डशीट लावला आणि थोड्याच दिवसांत निऑनचा लाल पट्टा असला उठून दिसायला लागला की बायकोला वाटलं नवीन मासे आणले. निळापण चालतो पण शेवाळ आलं की जाम घाण दिसतो.

शेवाळताई: पोस्टर लावलंस तर नुसती टेप मारू नकोस, मध्ये हवा राहून चंदेरी डाग दिसतात. काचेला बाहेरून ग्लिसरीनचा पातळ हात दे, मग जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे बुडबुडे काढ. आणि हे सगळं टाकी रिकामी असतानाच हं, भरल्यावर 50 लिटरच्या वर पाणी असतं, हलवायची नाही.

मासेवेडा: ताई, कालच भरली 🤦

शेवाळताई: मग काळा कार्डशीट वरून सरकव मागच्या फटीत. आतून लावायचं थर्माकोलवालं थ्रीडी बॅकग्राउंड मात्र घेऊ नकोस, माझी गप्पीची पिल्लं त्याच्यामागे अडकून मेली.